अठरा

पहाटेचे तीन. सोहार. मेल मेडिकल, बेड अकरा.
नाखवा सालिम बलुशी, वय चौऱ्याहत्तर.
कसं वाटतंय विचारलं की एकच उत्तर :
झैन.
दुपारी झैन, इशाच्या अजानीला झैन,
आत्ताही झैन,
फक्त ‘झै’ आणि ‘न’च्या मध्ये एक श्वास.

चार्टवर श्वासाच्या रकान्यात
अठरा. अठरा. अठरा. अठरा.
कालपासून एकाच हाताने लिहिल्यासारखे,
हात मात्र तीन.
अठरा विश्वे दारिद्र्य म्हणतात ते हेच असावं,
मोजायला एक मिनिट नसणं.
रात्री नऊचा अठरा माझा.
अक्षर लपत नाही, आठाचं वरचं पोट बारीक.

आमच्या हर्णैच्या बंदरावर
मावशी मासा घेताना डोळ्यांना भुलत नाही,
कल्ला उचलते.

मी चादर खाली करते. हात लावत नाही.
हात लावला की माणूस शहाण्यासारखा श्वास घेतो.
खिडकीत रिफायनरीची ज्योत,
तिच्याकडे बघत असल्यासारखं करून
मनगटावरच्या काट्याबरोबर पुरतं मिनिट उभी राहते.

बावीस.

मग बेरीज. श्वासाचे दोन.
नाडी एकशे चौदा, तिचे दोन.
ताप एक, ऑक्सिजन एक, वरचं प्रेशर एकशे चार, त्याचा एक.
सात.
अठरा लिहिलं असतं तर पाच,
आणि पाचाला आमच्याकडे ‘राउंडला बघू’ म्हणतात.

डॉक्टर इद्रीस खार्तूमचे.
संध्याकाळी त्यांना म्हटलं होतं, मला हे बरे दिसत नाहीत.
माझं इंग्रजी, त्यांचं इंग्रजी,
मधल्या मध्ये ‘दिसत नाहीत’ सांडून गेलं.
आत्ता फोनवर फक्त म्हणते, सात.
पलीकडे पलंग करकरतो. मग चपला.

आयसीयूची ट्रॉली वळताना
नाखवा मास्क वर करून मला विचारतात,
झैना?
बाईला विचारताना शब्द असा वळतो,
हे मला इथे तीन वर्षांनी कळलेलं.
उत्तर देईपर्यंत लिफ्टचं दार मिटतं.

अकरावर गादीचा खळगा. उशाशी खजुराच्या दोन बिया,
टिशूत नीट गुंडाळलेल्या.
फेकत नाही. ड्रॉवरमध्ये ठेवते.

बेड बारा. बिजू थॉमस, झोपलेला.
चार्टवर अठरा.
चादर खाली करते.
एक.