पाण्याचा रकाना

वाळवी लागली म्हणून कमिटीनं सांगितलं,
तुझं अक्षर बरं आहे, दफनाची जुनी वही उतरून काढ.
काढते आहे. खानापूर, गाठीच्या तापाचं साल.
काळी शाई तपकिरी झालेली,
आणि सिलासमास्तरांचं ताठ, मोडी वळणाचं बाळबोध.

नाव, वय, गाव, मरणाचं कारण.
शेवटच्या रकान्यात आधी पूर्ण वाक्य: गाठ येऊन ताप चढला.
मग नुसतं, गाठ.
मग खाली खाली दोन टिंबं,
आहेराच्या यादीत "वरीलप्रमाणे"साठी देतात तशी.

त्या साली सरकारी माणसं शिड्या लावून
घराघरावरची कौलं उतरवत होती,
आत ऊन पडलं की रोग मरतो म्हणून.
इथल्याच मातीची, इथल्याच आव्यातली कौलं
अंगणात रचलेली,
आणि माणसं मलप्रभेपलीकडं माळावर, तट्ट्यांच्या झोपड्यांत.

मास्तर तिथं उपदेश करायचे.
वहीच्या मागच्या पानांवर टिपणं आहेत.
पहिला रविवार: मिसर देश, दहा पीडा.
दुसरा: सदोम.
तिसरा: आपल्यातलं कोण कोण गुत्त्यावर जात होतं, नावानिशी.
त्यातले दोघं तोवर मातीत गेले होते.

चौथ्या रविवारच्या पानावर एवढंच:
काशव्वा, पाणी आणणारी, आपली नव्हे,
कडेला उभी राहून ऐकत होती. मध्येच म्हणाली,
"मास्तर, आधी उंदरं मेली की.
त्यांनी काय पाप केलं हुतं?"
लोक हसले, असं लिहिलंय.
त्याखाली: मी हसलो नाही.
पुढं पानभर कोरं.

कोरं कसं उतरवायचं?
दोन दिवस मी तिथंच अडून बसले.

पाचव्या रविवारी उपदेश नाही.
नुसती त्या बुरुजाची गोष्ट वाचली,
अठरा जणांवर कोसळलेल्या.
मेले ते काय उरलेल्यांहून वाईट होते?
नाही, म्हणाला होता प्रभू,
आणि बोट उरलेल्यांकडं वळवलं होतं.
मास्तर लिहितात: इतकी वर्षं
मी त्या बोटाची दिशा चुकीची वाचली.

इथून हात तोच, पण अक्षर सैल,
पानांवर ओलीचे डाग.
मरणाच्या कारणाखाली भलतंच काही यायला लागतं.
"सालोमी, वय नऊ. ताक मागितलं. मिळालं."
"अंतोबा सुतार. स्वतःची पेटी अर्धी करून गेला.
उरलेली मी ठोकली, वाकडी झाली."
"नाव ठाऊक नाही. लोंढ्याकडचा. हात धरला होता."
हे काही मरणाचं कारण नव्हे.
मी तसंच उतरवलं.

एका पानावर:
कफर्णहूमात छप्पर फोडून आजाऱ्याला आत सोडला,
आमच्याकडं छप्पर काढून आजाऱ्याला बाहेर नेला.
मग येशू कुठं?
समासात, पेन्सिलीनं: बाहेर.

परवाच्या साथीत आमच्या गल्लीतल्या रोझीनबाई गेल्या.
मी खिडकीची फट मिटून घेतली.
मुलगा धारवाडहून पोचेपर्यंत
त्या एकट्या होत्या आतल्या खोलीत.
मी फोनवर एक स्तोत्र पाठवलं,
खाली दोन गुलाबांचं चित्र.
हे कुठल्याच वहीत नाही, म्हणून इथं लिहिलं.

मास्तरांची नोंद दुसऱ्या कुणाच्या हातची.
वय एकेचाळीस. कारण, गाठ.

काशव्वाची नोंदच नाही. ती आपली नव्हे.
पण प्रत्येक पानाच्या तळाशी, हिशोबासारखं:
पाणी, बारा घागरी, काशव्वा.
पाणी, चौदा घागरी, काशव्वा.
आणि शेवटच्या सात पानांवर:
पाणी, वीस घागरी, काशव्वा आणि मी.

छापील नव्या वहीत याला रकाना नाही.
पट्टी घेतली आहे.
आखते आहे.