उर्फ

मंगळवारी झोनच्या खिडकीत ठवकर मॅडम विचारतात,
"भाऊ, दाखल्यावर बेनोनी, टीसीवर बन्यामीन.
यातलं खरं कोणतं, अन् दुसरं काहून ठेवलं?"
कूलरचं पाणी संपलेलं, वाळकी खस नुसती वाजते.
माझ्यामागे अकरा माणसं.
मी म्हणतो, मॅडम, गोष्ट जुनी आहे.

राहेल वाटेतच अडली होती.
गाव थोडंच लांब होतं, तेवढंही तिला पुरलं नाही.
जीव जाताजाता तिनं लेकराला नाव दिलं, बेन-ओनी,
माझ्या दुःखाचा मुलगा.
आणि याकोबानं, डोळेही न पुसता बहुधा,
ते तिथल्या तिथं बदललं: बन्यामीन, उजव्या हाताचा मुलगा.
ना अर्ज, ना राजपत्रात जाहिरात.
मग रस्त्याच्या कडेला एक दगड उभा केला
आणि कळप पुढं हाकले.

माझी आई सीताबर्डीच्या मिशन दवाखान्यात गेली.
आपल्यात किती सहज म्हणतात, कूस उजवली.
नाव सिस्टर प्रिसिला दुपारेंनी नोंदवलं,
कमलिनी तसं म्हणाली म्हणून.
बाप्तिस्म्याला बाबांनी पाळकांच्या कानात दुसरं सांगितलं.
अजनीच्या लोको शेडमधला फिटर माणूस,
दुःखाला रोज जेवायला हाक कशी मारणार?
गल्लीनं दोन्हींचं बेनी केलं आणि विषय मिटवला.

गंमत म्हणजे मी डावखुरा.
चौथीच्या बाईंनी पट्टीनं मारून पाहिलं.
हात ओल्या शाईवरून फिरायचा,
वहीभर निळे ढग.
शास्त्रातही बन्यामिनाच्या वंशात
डाव्या हातानं गोफण मारणारे सातशे निघाले,
एकाचाही धोंडा वाया जायचा नाही.
उजव्या हाताची लेकरं म्हणे!

खांडारे पाळक निवृत्तीनंतर इब्री शिकवायचे,
गड्डीगोदामच्या खोलीत,
पोह्यांच्या पुडीच्या कागदावर.
ती लिपी उजवीकडून येते. तिथं माझा हात काहीच पुसत नव्हता.
एकदा त्यांनी माझं नाव लिहिलं आणि थांबले.
"तेव्हा स्वर लिहीत नसत, बेनी.
याच अक्षरांचं दुःख होतं, याच अक्षरांचं बळ.
हाच याकोब मरताना थोरल्याला हाच शब्द लावतो,
तिथं सगळे बळ वाचतात.
मरणाऱ्या बाईच्या तोंडी आला की दुःख."
तर्रीचं तेल कागदात उतरलं होतं,
अक्षरांतून टेबल दिसत होतं.

त्या रात्री बाबांना विचारलं, ती नेमकं काय म्हणाली?
कसं म्हणाली?
त्यांनी चष्मा काढला, पुसला, न घालताच ठेवून दिला.
"मी नव्हतो तिथं. डबल ड्यूटी होती.
पोचलो तेव्हा नाव लिहून झालं होतं."
सिस्टर प्रिसिला चौऱ्याऐंशी सालीच वारल्या.

कधीकधी झिरो माइलच्या खांबापाशी
पूर्वेला तोंड करून उभा राहतो.
यामीन म्हणजे उजवा, आणि दक्षिणही.
संस्कृतातही एकच शब्द, हाताला आणि दिशेला.
उजव्या खांद्याच्या रोखानं अजनी,
तिथं बाबा आता खुर्चीतच झोपतात.
डाव्या खांद्याकडं जरीपटक्याची दफनभूमी.
मधे मी, आणि सगळी अंतरं मोजणारा हा दगड
ज्यावर तिच्या गावाचं अंतर नाही.

हे सगळं अर्थात मी मॅडमना सांगत नाही.
राहेलपर्यंत पोचलो तोवर मागून कुणी खाकरलं.
स्टॅम्पपेपरवर वकिलानं छापून दिलंय,
वरील दोन्ही नावे एकाच इसमाची आहेत.
त्या शाईचं पॅड सरकवतात.
"पुरुषाचा डावा अंगठा लागते."
देतो.
मग विचारतो, उर्फच्या आधी कोणतं लिहू?
वर न बघता म्हणतात,
"आधी जन्माच्या दाखल्यातलं, भाऊ. नियमच आहे तसा."