कूट

आमच्या सोलापुरात कूट कशात नसतं ते सांगा.
भेंडीत, वांग्यात, पालेभाजीत,
साबुदाण्यात तर मूठभर.
इरेशचे वडील पहाटेपासून उखळात शेंगा कुटतात,
त्याच्या दप्तरालासुद्धा चटणीचा वास.
आणि याच गावात जन्मली
म्याकलांची निहारिका,
जिला एक दाणा पुरतो.

जूनमध्ये तिची आई सांगायला आली होती,
टॉवेलच्या कारखान्यातून अर्धी सुट्टी काढून,
केसांत सुताची पांढरी कुसळं तशीच.
मी हजेरी लिहीत होते. मान न उचलता म्हणाले,
'थोडंसं पोटात गेलं म्हणून काय होतंय?
सवय लागते हळूहळू.'
ती बोलली नाही. कागद ठेवून गेली.
मी तो वहीत घातला. वाचला नाही.

आठव्या दिवशी कुणाच्या तरी वाढदिवसाची चिक्की.
आधी ओठ सुजले, मग डोळे,
मग आवाज गेला.
रिक्षात ती माझ्या मांडीवर.
सात रस्ता इतका लांब
मला आयुष्यात कधी लागला नव्हता.

आता मांडीत सुई कशी द्यायची
ते डॉक्टरांनी शिकवलंय, मोसंबीवर.
मी आणि शिपाई दत्तोबा.
अकरा मोसंब्या फुकट गेल्या,
बारावीला हात थरथरला नाही.
लाल डबा माठाशेजारी, सावलीत,
कारण एप्रिलमध्ये आमच्या कपाटाची भट्टी होते.
डब्याला कुलूप नाही.
किल्ली शोधायला वेळ कुणाकडे असतो?

महानंदाबाई चुलीपाशी कुरकुरल्या,
'कूट नाही तर आमटीला अंग कसं येणार?'
दुसऱ्या दिवशी एका नव्या पळीला
त्यांनी परकराचा लाल नाडा बांधला होता.
कुणी सांगितलं नव्हतं.

निहारिका मात्र चिडली होती.
'बाई, मला वेगळं बसवू नका.
दाण्याला बसवा.'

तेव्हापासून खिडकीजवळचं बाक दाण्याचं.
डब्यात शेंगा असतील त्यानं तिथं जेवायचं,
साबणानं हात धुऊन परत यायचं.

इरेश रोज सगळ्यात शेवटी येतो,
कोपरापर्यंत ओला,
दोन्ही तळवे माझ्या नाकाशी धरतो.
'बाई, वास घ्या.'
साबणाच्या खाली, अगदी खोल,
भाजलेली शेंग अजून आहे.
'परत,' मी म्हणते.
तो नळाकडे पळतो.
खो-खोत आज त्याला
निहारिकाच्या पाठीवर खो द्यायचाय.