कोपरापासून जमिनीपर्यंत

विस्वाल्दिस आला तो दाराला टेकूनच उभा राहिला.
खुर्ची पुढे केली तर म्हणाला, नको,
डॉक्टरांनी बसणं बंद केलंय.
माणसाची दारू बंद होते, मीठ बंद होतं,
बसणं बंद झालेला मी पहिलाच पाहिला.

उभं आयुष्य बसून काढलं, म्हणाला,
लिएपायाच्या वर्तमानपत्रासाठी शब्दकोडी रचत.
आडवे शब्द, उभे शब्द,
एकतीस वर्षं, रोज एक, रविवारी मोठं.
आता मणक्याच्या चौथ्या-पाचव्या घरात
काही केल्या अक्षर बसत नाही.

टेबल ओकचं. उंची चौऱ्याहत्तर.
चारही पाय लेथवर वळवलेले, गुबगुबीत,
ते मी त्याच्यासमोरच उलगडून काढले.
नातू मिकुस म्हणाला, मला दे, पाडापाडी खेळायला.
विस्वाल्दिसने एक पाय हातात तोलून पाहिला
आणि चारही देऊन टाकले.

कोपर काटकोनात धर, मी म्हटलं. खांदा सोड.
शिंप्याकडे आल्यासारखा श्वास रोखू नकोस.
फितीचं टोक बुटाखाली दाबलं.
एकशे अकरा.
बूट काढून एकशे आठ.
घरात बूट घालतोस का?
तो गप्प.
नऊ महिन्यांपूर्वीपर्यंत घालत नव्हता.
घालू नको म्हणणारी होती.

मी कागदावर एकशे आठ लिहिलं.
त्यातून फळीची जाडी वजा.

चाळीसचा चौकोनी पाइप, भिंत दोन मिलीमीटर.
गोदी बंद पडेपर्यंत मी जहाजांची पोटं शिवली.
तिथं माझी शिवण उसवली असती
तर समुद्र आत आला असता.
इथं फार तर कॉफी सांडेल.
तरी हात तोच. आधी चार ठिकाणी नुसता टाका,
मग गुण्या लावायचा,
मग शिव्या,
मग पुन्हा गुण्या.
लोखंड तापलं की हट्टी पोरासारखं एका बाजूला मान टाकतं,
ती कुठं टाकणार ते आधीच ओळखून
उलट्या बाजूनं सुरुवात करावी लागते.
हे मला कुणी शिकवलं नाही. पोरं झाल्यावर कळलं.

खाली एक आडवी दांडी जोडली, वीतभर उंचीवर.
त्यानं सांगितली नव्हती.
पण उभं राहणाऱ्याला एक पाय टेकवायला काहीतरी लागतं,
हे बसून आयुष्य काढलेल्याला कुठून ठाऊक असणार.
तिचे पैसे लावले नाहीत.

कालव्यापलीकडे त्याचं लाकडी घर.
टेबल उभं केलं आणि ते लंगडलं.
माझं तोंड उतरलं.
लेव्हल ठेवली तर बुडबुडा निघाला दाराकडे.
टेबल सरळ होतं. जमीनच खिडकीकडे कललेली,
चौदा मिलीमीटर.
म्हणजे इतकी वर्षं तो उतारावर बसला होता
आणि कोडी मात्र चौकोनी निघत होती.

पायांच्या बुडाशी मी नट जोडलेले होतेच.
बोल्टाचे आटे फिरवत, पालथी पडून,
एक पाय थोडा वर, दुसरा अर्धा फेरा खाली,
टेबल शांत झालं.
आटे अजून बरेच शिल्लक दिसताहेत, तो म्हणाला.
असू देत, म्हटलं.
माणूस वयाबरोबर उंचीला खचतो.
दर दोन-तीन वर्षांनी एक फेरा आत घे. पाना तुझ्याकडेच ठेव.
त्यानं पाना पेनांच्या डब्यात ठेवला.

पैसे त्यानं उभ्याउभ्या मोजले. पावती नको म्हणाला.
जाताना पाहिलं, दाराशी त्याचे बूट,
शेजारी शेजारी, नाकं भिंतीकडे.

परवाच्या रविवारचं कोडं मिकुसनं आणलं.
सतरा, उभा शब्द:
उजेडाकडे उघड्या डोळ्यांनी बघत नाही,
पण त्यातच काम करते.
दहा घरं.
आमच्या भाषेत माझ्या कामाला बरोबर दहा अक्षरं लागतात,
मी बोटांवर दोनदा मोजली.

भरलं मी,
पण पेन्सिलीनं.