पाहुणी म्हणून

रस्त्याच्या डाव्या हाताला डार्लाचं पाळणाघर.
तिथं मला हक्कानं जाता येतं.
नळाखाली थर्मामीटर धरते,
कुंपणाच्या दोन फळ्यांमध्ये मूठ घालून बघते,
ब्लीचची बाटली कितव्या फळीवर, पाळण्याचे गज किती अंतरावर,
आणि डार्ला, केसांत खडूची पूड,
माझ्या पेनकडे अशी बघत राहते
जसं मी तिच्या पोटावर लिहिते आहे.
मागच्या खेपेला बावीस शेरे, दंड एकशे चाळीस डॉलर.
'मीपण पाटीवर देवाचं नाव लावू का?' म्हणाली.
हसली नाही.

उजव्या हाताला, हाकेच्या अंतरावर, बेथेल टॅबरनॅकल.
त्याच्या तळघरात मुलंच आहेत,
त्याच वयाची, तशीच शेंबडी,
पण राज्याचा कायदा तिथं पायरीवरच थांबतो
टोपी हातात धरून.
दर जानेवारीत एक पत्र येतं:
आम्ही प्रभूच्या कामात आहोत.
खाली पास्टर लेमन गेंट यांची वळणदार सही.
मी ते भोक पाडून फायलीत लावते.
एवढीच तपासणी.

आता पास्टर वाईट माणूस नाही.
त्यांची ती सूट त्यांच्या सुटासारखीच,
रविवारची, इस्त्रीची, खांद्यांत जरा मोठी.
कोंबड्यांच्या कारखान्यात रात्रपाळी करणाऱ्या बायका
पहाटे पाचला पोरं इथंच आणून सोडतात.
डार्लाचा आठवड्याचा दर त्यांच्या पगारात बसत नाही.
इथं दर नाही. कॉफीचा डबा आहे, झाकणाला चीर.
ज्याला जमेल तसं.
हे कुठं लिहायचं?

मार्चमध्ये व्हर्लीन गेंटनं बोलावलं.
'ये की एकदा. फक्त ते पॅड गाडीत ठेव.'
ठेवलं.
माझे वडील याच पंथात डीकन होते, मला ही पायरी नवी नाही,
तरी उतरताना पायऱ्या मोजल्याच. चौदा.

घेवड्याच्या सूपचा वास, हीटरवर वाळणारे ओले मोजे,
आणि अख्ख्या भिंतीवर नोहाचं तारू.
छत बुटकं, म्हणून जिराफाची मान वाकवून काढलेली.
खाली निळं, जाड, लाटालाटांचं पाणी.
त्या पाण्यात मला एक चौकट दिसली.
मग कडी.
खिडकी होती ती,
रंगाच्या चार थरांखाली बुडालेली.

जेवणाआधी सगळ्यांनी डोळे मिटले.
मी मिटले नाहीत.
हात जोडून, मान खाली घालून
मी आयुष्यातली सगळ्यात बेकायदेशीर तपासणी केली:
मुलं सतरा. बायका दोन. जिना एक.
भट्टीपासून झोपायच्या चटया दीड हातावर.
आमेनच्या आधी मान वर केली
तर कोपऱ्यातली एक पोरगी, दात पडलेली,
टक्क उघड्या डोळ्यांनी माझ्याकडे बघत होती.
आम्ही दोघींनी एकमेकींची चुगली केली नाही.

'ती खिडकी,' मी कॉफी पिताना म्हटलं.
'खिडकी कसली, तो महापूर आहे,' व्हर्लीन हसली.
मग हसू आवरून, कपावर बोट फिरवत:
'तू हे कोण म्हणून विचारतेस?'
पाहुणी म्हणून, मी म्हटलं.
तिनं आणखी कॉफी ओतली.
बराच वेळ ओतत राहिली.
वर कुणीतरी पियानोवर एकच सूर पुन्हा पुन्हा लावून बघत होतं.

काल रात्री तिचा निरोप आला, तीन शब्दांचा:
शनिवारी पास्टर नाहीत.
गाडीत मागच्या सीटवर, पॅडच्या खाली
रंग खरवडायची सुरी आहे, लांब पात्याची.
आमच्या कुठल्याच नमुन्यात तिला रकाना नाही.