खालचा रंग

दाराची काच खाली सोडली की अजून भुसा पडतो.
बर्फाच्या लाद्या ज्यात दडपायचे, तो लाकडाचा भुसा.
हमदुले मिस्त्री म्हणाला, बाई, तीनदा हवा मारली,
ही गाडी आहे की वखार?

बाबांची खोली धाकट्याला गेली, मला फार्गो.
सत्तावन्नची. माझ्याहून नऊ वर्षांनी मोठी.
दारूखान्यात भंगाराच्या भिंतीला टेकून
अकरा वर्षं उभी,
हौद्यात पिंपळ उगवलेला, गुडघ्याएवढा.
भाऊ म्हणाला, किलोवर विकून टाक.
मी पिंपळ कुंडीत लावला
आणि क्रेन मागवली.

माझगावचा बर्फ, भाऊचा धक्का,
पहाटे तीनची पहिली फेरी.
खारं पाणी ठिबकून ठिबकून
तिचा तळ खाल्ला गेला.
बाबांचे गुडघेही तेव्हाच कधीतरी.

आधी ब्रेक.
जुने ब्रेक तिच्या मनात आलं तर लागायचे,
पाय नुसतं निमित्त.
पुढे डिस्क बसवल्या.
मग दिवे. सहा व्होल्टचे दिवे म्हणजे
देवघरातली समई. त्या उजेडात
बाबा वाडीबंदरापर्यंत जायचे कसे?
बारा व्होल्ट केले, सगळी वायर नवी,
जुनी हातात घेतली तर तिचं कापड
विड्याच्या राखेसारखं झडलं.

पॉवर स्टिअरिंगवरून मात्र भांडण झालं.
हमदुले म्हणे, अस्सल मालाला हात नाही लावणार.
म्हटलं, माझा उजवा खांदा कानापर्यंत वर जात नाही.
फ्रोझन शोल्डर म्हणतात त्याला.
जन्मभर लाद्या उचलल्या बाबांनी
आणि गोठला बघा कोण.
तो हसला. पान थुंकून आला.
मग टेप काढून मापं घ्यायला लागला.

शेलटकर डेंटर डावं दार घासत होता.
निळा गेला, आमच्या लहानपणीचा.
खाली तांबडा. त्याच्याखाली शेवाळी हिरवा,
आणि हिरव्यावर, कुणीतरी कुंचल्यानं,
श्वास रोखून काढलेली पिवळी अक्षरं :
खांबे अँड घोन्साल्विस
बर्फवाले

शेलटकरनं मशीन बंद केलं.
हे घोन्साल्विस कोण?

आमच्या घरात हे नाव
कधी शिंकेतसुद्धा आलेलं नाही.
आरसी बुकाचं पहिलं पान नव्हतं,
ते मला ठाऊक होतं.
मी वाळवी समजत होते.

आईला विचारलं. एक्क्याऐंशीची आई
मोरीत सोडे धूत होती. हात थांबले नाहीत.
म्हणाली, गाडी त्याची होती. लायसन ह्यांचं.
मग?
मग काय.
मी लग्न होऊन आले तेव्हा निळा रंग ओला होता.
शालूला लागला.

म्हातारपाखाडीत दोन घोन्साल्विस सापडले.
एकीनं जाळीच्या दाराआडूनच सांगितलं, चुकीचं घर.
दुसऱ्यानं चहा पाजला, फोटो दाखवले,
त्याचे आजोबा शिंपी होते.
तिसऱ्याचं दार मी वाजवलं नाही.
कुलूप होतं, असं मी स्वतःला सांगते.

शेलटकरला म्हटलं, सगळी गाडी निळी कर,
फक्त तेवढी अक्षरं राहू देत,
वरून नुसता लॅकर मार.
बाई, लोक म्हणतील काम अर्धवट सोडलं.
म्हटलं, आहेच.

पहिल्या रविवारी आईला फिरवायला आणली.
रे रोडच्या पुलाखाली गाडी उभी,
इंजिन गरम, हमदुले बॉनेट पुसतोय
लेकाचं नाक पुसावं तसा.
आई डाव्या दारापाशी गेली.
वाचलं की नाही कळलं नाही,
चष्मा घरी राहिला म्हणाली.
मग वळसा घालून माझ्या बाजूला आली,
साडी सावरत स्टिअरिंगखालून
त्या अख्ख्या बाकावरून सरकत सरकत
आपल्या जागी जाऊन बसली.

धक्क्याच्या रस्त्याला लागलो.
ब्रेक लागले, पाय दाबल्यावरच.
म्हटलं, गरम होतंय, काच खाली कर.
नको, म्हणाली.
भुसा पडेल.