चौथा पल्ला

ताबा मिळाला तेव्हा ही काच
केवढी श्रीमंती वाटली होती आम्हाला.
चार पल्ले, ढकलले की एकावर एक मिटत जातात
पत्त्यांच्या कॅटसारखे,
मग हॉल सरळ बाल्कनीत
आणि बाल्कनी सरळ डोंगरात.
पाहुण्यांना मी दोनदोनदा उघडून दाखवायचो.

मग हेमांगीला रात्रपाळी लागली,
नेरूळच्या हॉस्पिटलात, आयसीयूला.
ती बेलापूरला घरी पोचते साडेसातला,
तोवर सूर्य खारघरच्या डोंगरावरून उतरून
सोफ्यावर बसलेला असतो,
चपलासुद्धा न काढता.
बेडरूम अण्णांची, त्यांच्या रेडिओची, खोकल्याची.
ती इथेच झोपते, डोळ्यांवर ओढणी बांधून,
कोशिंबीर खेळता खेळता
गडी निघून गेलेत आणि राज्य तिच्यावरच राहिलंय, अशी.

तुर्भ्याहून मुस्तकीम आला,
टेप आणि नमुन्यांची जाडजूड वही घेऊन.
म्हणाला, साहेब, घडीच्या दाराला ब्लाइंड म्हणजे
उंटाला पायजमा.
वरून एकच सोडला तर दार उघडताना अडेल,
पल्ल्यापल्ल्याला लावला तर मधल्या फटी राहतील,
शिवाय हँडल टोचेल.
बोला, यातलं काय सोसेल?

असे प्रश्न एरवी मी विचारतो.
मी घरी बसून विम्याचे दावे तपासतो :
किती जळलं, किती भिजलं,
त्यातलं आधीच खराब होतं किती.

अंधार टक्क्यांवर विकतात हे नवीनच कळलं.
दहा टक्क्यांतून झाड ओळखू येतं,
पाचातून झाड आहे एवढंच,
आणि तीनमधून
कुणीतरी उभं असावं असं वाटत राहतं.
मग ब्लॅकआउट. तो मुस्तकीमने न बोलता
माझ्या हातावर ठेवला. जड होता.

आठवडाभर काचेवर सेलोटेपने चौकोन डकवले,
वाळू, राख, मोती, ओली माती.
सकाळी बघायचे, दुपारी बघायचे,
दिवे लावून पुन्हा बघायचे.
अण्णा म्हणाले, काचेला गोवर आलाय का रे?

शनिवारी ती आली ती सरळ काचेपाशी गेली.
पर्स खांद्यालाच.
काळ्या चौकोनाला नाक लावून उभी राहिली
बराच वेळ.
मग म्हणाली, तिकडे दिवे विझतच नाहीत.
सहा नंबरचे आजोबा रात्री तीनला विचारत होते,
सिस्टर, ही सकाळ की संध्याकाळ?
मी सांगितलं, रात्र.
त्यांचा विश्वास बसला नाही.

हाच घेऊ, म्हणाली. सगळीकडे हाच.

मग मी कुठे बसू?

तुला डोंगर लागतो?

डोंगर नाही गं.
तो तिथे आहे, हे लागतं.

ती हसली नाही, चिडलीही नाही.
चहा पिऊन झोपली, ओढणी बांधून.
दुपारी उठल्यावर म्हणाली,
कडेचा एक तुझा.

मुस्तकीमला पटलं नाही.
तीन काळे, एक दहा टक्क्यांचा,
रस्त्यावरून वेडं दिसेल साहेब,
दात पडल्यासारखं.
पण लावून गेला. फटींना आतून पट्ट्या मारल्या,
हँडलं बदलली, त्याचे वेगळे सातशे.

आता माझं टेबल त्या पल्ल्याशी.
पायलीभर उजेडातला
मापटंभर माझा.
तो टेबलावर थांबत नाही, हे आधी लक्षात आलं नव्हतं.
सूर्य सरकतो तशी पट्टी सरकते,
टीपॉय ओलांडते, चटई ओलांडते,
साडेनऊच्या सुमारास
तिच्या डाव्या पायाच्या अंगठ्याशी येते.

रोज मी दावा अर्धा टाकून उठतो,
साखळी ओढतो, वीतभर, आवाज न करता.
मग अजून चार बोटं.
अंगठा सावलीत जातो.
कागदावर आकडे दिसतील इतपत उरतं.

आतून अण्णा विचारतात, ऊन पडलं का रे बाहेर?

पडलंय, म्हणतो मी हळूच.
बाहेर भरपूर पडलंय.